घंटी वाजल्यानंतरचे चार हजार वेढे

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि गेल्या वर्षी एका दुपारी बाबांनी मला ऐकले.

हे वाक्य खोडले आहे असे समजा. असे काही झालेच नाही. बाबांना पहिल्यापासून सगळे व्यवस्थित ऐकू येत होते, तेव्हा त्यांनी मला ऐकले यात बातमी ती काय, असा आमच्या घराचा अधिकृत पवित्रा आहे. मी या घरातली वस्तू असल्यामुळे तो मलाही बंधनकारक आहे. तर आपण नव्याने सुरुवात करू.

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारख्या आणखी दोनशे चाळीस जणी जन्मल्या, त्यामुळे कौतुक वाटून घ्यावे लागले आणि माझ्या वाट्याला एक स्टिकर आला. त्यावर 'तपासले' असे लिहिले होते. कोणी तपासले आणि तपासल्यावर काय आढळले, याचा उल्लेख नव्हता. माझे अंग एका झाडाचे नाही. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून मला घडवले आहे. महागड्या गिटारी आपल्या झाडाचे नाव अभिमानाने सांगतात. मी सांगायला बसले तर जंगल गोळा होईल.

तारांच्या खाली, माझ्या पोटावर, एक रुंद चपटी डबी आहे. तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, आणि भोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे गुंडाळलेली. वरची लोखंडी तार थरथरली की या वेढ्यांत वीज थरथरते, ती वायरीतून ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि तिथून आवाज होऊन बाहेर पडते. थोडक्यात, पिकअप हा माझा घसा. श्रीमंत गिटारींना दोन-दोन, तीन-तीन घसे असतात. मला एकच. तो बसला की मी म्हणजे एक वळणदार फळी.

स्वभावाने मी पहिल्यापासून अस्वस्थ. हवा बदलली की माझ्या तारा उतरतात. शेजारी कोणी ट्यूबलाइट लावली तरी मला गुणगुणावेसे वाटते. मला गप्प बसता येत नाही, आणि माझे पहिले मालक तर मला गप्पच ठेवत. ते विमा कचेरीत कारकून होते. त्यांनी मला घेतले, दीड गाणे शिकले, आणि उरलेले अर्धे पुढच्या वर्षी शिकू म्हणून मला खिळ्याला लटकवले. पुढच्या वर्षी माझ्या मानेवर त्यांचे ओले मोजे वाळू लागले. उजव्या पायाच्या मोज्याचे पाणी थेंब थेंब पिकअपमध्ये उतरले आणि आतली तार कुठेतरी सडून तुटली. घसा गेला. गेला हे मालकांना तीन वर्षांनी कळले, मला विकायला काढले तेव्हा.

अशा रीतीने मी वाद्यांच्या दुकानात आले. दुकानदाराने मला दाराच्या वर टांगले. दार उघडले की ते माझ्या बुडाला लागे आणि मी हलत राही. गिऱ्हाइकांना वाटे, मी स्वागत करते आहे.

एके दिवशी दार उघडून एक मुलगी आत आली. वय वीस-बावीस. चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचे काम करायची. तिचा उजवा गुडघा सतत हलत असे. बसलेली असली तरी ती कुठेतरी निघाली आहे असे वाटे. तिच्या घरी तिला बारकी म्हणत, कारण तिचा आवाज अगदी बारीक होता. सोबत तिचा मावसभाऊ होता. तो ड्रम वाजवायचा, आणि एरवीही जे हाताशी येईल ते वाजवायचा, म्हणून त्याला धडाम म्हणत.

"काय दाखवू?" दुकानदार म्हणाला.

"जाड आवाजाची गिटार," बारकी म्हणाली.

"जाड म्हणजे कसा?"

"ओल्या गोधडीसारखा. आणि त्याला लव पाहिजे."

"आवाजाला लव?"

"दाढी न केलेला आवाज, दादा," धडामने समजावले. "तीन दिवसांची."

दुकानदाराचा चेहरा उजळला. असले गिऱ्हाईक वर्षातून एकदा येते. त्याने एक छोटा लोखंडी डबा काढला, वर पायाने दाबायचे बटण. "हा फझचा डबा. चांगल्या आवाजाचा मुद्दाम केलेला सत्यानाश. गिटारची वायर यात घालायची, यातून पुढे ॲम्पला."

मग त्याने भिंतीवरची एक चकचकीत गिटार उतरवून दिली. बारकीने ती मांडीवर घेतली, खिशातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे करून दोन्ही कानांत घातले, वरून मफलर गुंडाळला, आणि मग वाजवू लागली. कानात बोळे घालून गिटार निवडणारे गिऱ्हाईक दुकानदाराने पाहिले नव्हते. मीही नाही.

"हिला माझा दर पटला नाही की आवाज?" त्याने धडामला विचारले.

"तिला गिटार तिच्या बाबांसारखी ऐकायची आहे," धडाम म्हणाला.

मित्रांनो, ते मला नंतर सविस्तर कळले. या घरात सगळे ओरडून बोलतात, त्यामुळे कळायला वेळ लागत नाही. झाले असे होते. महिनाभरापूर्वी बारकी आणि धडाम यांनी वस्तीच्या सभागृहात तीन गाणी वाजवली. बारकीने एक गिटार उसनी आणली होती, स्वच्छ, टोकदार आवाजाची. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. तिसरे गाणे संपले, टाळ्या वाजल्या, बाबांनीही वाजवल्या, आणि ती खाली उतरल्यावर तिच्या कानाशी लागून त्यांनी विचारले, "सुरू कधी करणार?"

बारकी खूप हसली. घरी पोहोचेपर्यंत तिचे हसणे संपले होते. दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या पाठीमागे चमचा टाकला. मग किल्ल्यांचा जुडगा. मग ताट. ताटाला बाबांनी मान वळवली, तीही ताटाखालची फरशी थरथरली म्हणून. बाबांचे पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरींचे वाइंडिंग करून द्यायचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून द्यायचे दुकान होते. तीस वर्षे मोटरींच्या घरघरीत डोके घालून बसल्यामुळे त्यांच्या कानांतला बारीक आवाज आधी गेला होता. जाड तेवढा शिल्लक होता. बारकीचा आवाज, तुम्हाला सांगितलेच आहे, बारीक.

आईच्या हे लक्षात का आले नाही, असे तुम्ही विचाराल. आई दुसऱ्या गावी नोकरीला. ती शनिवारी येई आणि आल्यावर सगळ्यांशीच ओरडून बोले. तिला फरक पडला नव्हता.

आणि बाबांना विचारायची सोय नव्हती. "माझे कान? अगं, बेअरिंग गेलेला पंखा मला रस्त्याच्या पलीकडून कळतो," असे ते म्हणत, आणि ते खरेही होते. कानाच्या डॉक्टरचे नाव काढले की ते "बघतो" म्हणत. हे 'बघतो' त्यांचे मोठे हत्यार. कोणी काहीही म्हणो, ते "बघतो" म्हणत. जगातल्या बहुतेक प्रश्नांना हे उत्तर चालते, म्हणून वर्षभर कोणाला काही कळले नव्हते.

तेव्हा बारकीने ठरवले होते की बाबांना डॉक्टरकडे नेता येत नसेल तर गाणे बाबांच्या कानात मावेल एवढे जाड करायचे. एकदा तरी त्यांना ते ऐकू आले पाहिजे. त्यासाठी ती पाच दुकाने फिरली होती. हे सहावे.

चकचकीत गिटार तिने फझच्या डब्याला जोडली. "डास," बोळे न काढता ती म्हणाली. "आधी साधा डास होता. आता चिडलेला आहे."

"पिकअप बारीक आहे हिचा," दुकानदार म्हणाला. "मुळात जे बारीक, ते डब्याने खरखरतं, जाड होत नाही. जाड पाहिजे तर ती बघ, दोन घशांची." त्याने वर काचेच्या कपाटात ठेवलेल्या गिटारीकडे बोट केले. बारकीने तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि आदराने दोन पावले मागे सरकली. सरकताना दाराला लागली, दार मला लागले, आणि मी हलले.

"ही?"

"ती? तिच्यावर वेळ घालवू नकोस. म्हणजे जात जाडच आहे, रुंद पिकअप आहे, पण तो वारलाय. नवा टाकायचा तर गिटारपेक्षा महाग पडेल."

"आत काय असतं त्याच्या?"

"तार."

"नुसती तार?"

"तार आणि लोहचुंबक."

बारकीने कानातले बोळे काढले. "किती टर्न?"

दुकानदार तीस वर्षे गिटारी विकत होता. रंग कोणता, वजन किती, हप्त्याने मिळेल का, हे सगळे त्याला विचारले गेले होते. टर्न किती, म्हणजे वेढे किती, हे पहिल्यांदा. "असतील आठ हजार," तो म्हणाला. "का गं?"

माझे काय मोल ठरले ते मी सांगणार नाही. एवढेच सांगते की फझचा डबा माझ्याहून महाग होता, आणि घरी जाताना तो मांडीवर होता व मी डिकीत.

बाबांचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला तांब्याच्या तारांची रिळे, कोपऱ्यात पंखे एकावर एक रचलेले, सगळीकडे व्हार्निशचा वास. शेजारी शिंपीणकाकूंचे दुकान. आम्ही पोहोचलो तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तुम्ही वाइंडिंग केलेल्या पंख्याखाली बसलं की वारा येत नाही हो. पण पाती किती आहेत ते मोजता येतं. तीन आहेत."

"बघतो," बाबा म्हणाले.

"बघताय काय, सगळी गल्ली बघतेय! परवा माझ्या पंख्यावर कोळ्यानं जाळं विणलं. चालू पंख्यावर!"

अख्ख्या वस्तीत बाबांनी भरलेले पंखे वर्षभरापासून असेच विचार करत फिरत होते. कारण कोणालाच कळत नव्हते. बाबांनाही नाही, आणि ते त्यांना आतून खात होते. तीस वर्षांत त्यांच्याकडचा पंखा परत आला नव्हता. आता आठवड्याला दोन येत.

बारकीने मला टेबलावर ठेवले, माझ्या तारा सोडल्या, पिकअप उपसून बाबांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी तो उलटसुलट पाहिला. त्यांनी आयुष्यात एवढी छोटी मोटर पाहिली नव्हती.

"फिरतं काय यात?"

"काही नाही फिरत, बाबा! आवाज येतो!" बारकी ओरडली.

"फिरत नाही आणि चालतं," बाबा म्हणाले. "सरकारी आहे का?"

पण त्यांचे डोळे चमकले होते. त्यांनी जुन्या मीटरमधले केसाहून बारीक तारेचे रीळ कपाटाच्या तळातून शोधून काढले. वाइंडिंगच्या मशीनवर माझी डबी चढवली. या मशीनला एक मोजणी होती. हवे तेवढे टर्न तिच्यावर लावायचे, पायाने पट्टी दाबून मशीन फिरवायचे, आणि तेवढे वेढे झाले की एक छोटी पितळी घंटी वाजायची. आकडे दाखवणारी खिडकीही होती, पण तिच्यावर तीस वर्षांचे व्हार्निश उडून ती कधीच पिवळी मिट्ट झाली होती. बाबा आकड्यांकडे बघतच नसत. डोळे तारेवर, कान घंटीकडे, अशी त्यांची रीत. पंख्याची तार जाड, तिचे वेढे थोडे, तिथे हातालाही अंदाज येतो. केसाएवढ्या तारेचा हाताला काय अंदाज येणार? तिथे सगळा भार घंटीवर.

त्यांनी आठ हजार लावले आणि पाय दाबला.

मी टेबलावर पोट उघडे टाकून पडले होते. शेजारी बारकी, तिचा गुडघा हलत होता. धडाम व्हार्निशच्या रिकाम्या डब्यांवर बोटे वाजवत होता. शिंपीणकाकू भांडण अर्धवट ठेवून, पुढे काय होते ते बघायला थांबल्या होत्या. तार झरझर गुंडाळली जात होती. वीस मिनिटे गेली.

टिंग.

अगदी स्पष्ट. पितळी, नाजूक, खणखणीत. धडामची बोटे थांबली. काकूंनी मान वर केली. बाबांचा पाय पट्टीवर तसाच होता. मशीन फिरत राहिले.

काकूंनी तोंड उघडले. बारकीने त्यांचे मनगट धरले. काकूंनी तिच्याकडे पाहिले, मग बाबांकडे, मग कोपऱ्यातल्या पंख्यांकडे, आणि त्यांचे तोंड हळूहळू मिटले. आयुष्यात पहिल्यांदा शिंपीणकाकूंनी एक वाक्य परत आत घेतले.

बारकी त्या वेळी एक शब्द बोलली असती तर माझा घसा आठ हजारांचा, बेताचा झाला असता. पण तिला तो शब्द ओरडून सांगावा लागला असता, "बाबा, घंटी वाजली," आणि दुकानात बाबांखेरीज चार माणसे होती. म्हणजे मी धरून. ती गप्प राहिली. मशीन आणखी दहा मिनिटे फिरले. डबी काठोकाठ भरली, एक वेढाही मावेना, तेव्हा बाबांनी पाय उचलला.

"घंटी वाजली कशी नाही?"

बाबांनी घंटीचा स्क्रू काढला. आतली छोटी हातोडी कानशीने घासली, एक थेंब तेल सोडले, घंटी परत बसवली आणि स्क्रूड्रायव्हरने तिच्यावर टिचकी मारली. टिंग. ते थांबले. पुन्हा मारली. टिंग. जरा जोरात. टिंग! मी तर शहारले.

"मेली आहे," बाबा म्हणाले. "कधी मेली कोण जाणे."

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या पंख्यांकडे गेली. ती तिथे बराच वेळ राहिली.

"कधी मेली, कोण जाणे," ते पुन्हा म्हणाले. या वेळी मशीनकडे बघून नाही.

"घंट्यांचा काही भरवसा नसतो, बाबा!" बारकी ओरडली.

"नसतोच मुळी!" काकूही ओरडल्या. "माझ्या दाराची तर कायम बंद असते!" हे खोटे होते. काकूंच्या दाराची घंटी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई.

बारकीने मशीनची पिवळी काच नखाने खरवडून आत पाहिले. अकरा हजार नऊशे साठ. तिने तो आकडा कोणाला सांगितला नाही. मला दिसला, म्हणून मला माहीत.

खरे तर वेढे भरल्यावर डबी व्हार्निशमध्ये बुडवायची असते, म्हणजे आतली तार घट्ट बसते, हलत नाही. पण व्हार्निश वाळायला एक दिवस लागतो, आणि बारकीजवळ एक दिवस नव्हता. तिच्याजवळ कधीच नसतो. तिने डबी तशीच माझ्या पोटात बसवली, डाग दिला, तारा चढवल्या. बाबा पाठ फिरवून खोलीच्या टोकाला जाऊन बसले आणि एका पंपाच्या मोटरीत डोके घातले. ते काम करत नव्हते. नुसते डोके घातले होते.

बारकीने वायर फझच्या डब्यात खुपसली, तिथून ॲम्पमध्ये. एकदा बाबांच्या पाठीकडे पाहिले. बटण दाबले, आणि माझ्या सगळ्यात जाड तारेवर हात मारला.

मित्रांनो, तो आवाज माझा आहे हे मला आधी कळलेच नाही. मी खोलीत आणखी कोण आले म्हणून बघत होते. जाड, ऊबदार, अंगभर केस असलेला, गुरगुरत गुरगुरत पसरणारा आवाज. भिंतीवरची रिळे थरथरली. डबा तोच, तारा त्याच. फरक फक्त घंटी वाजल्यानंतरच्या त्या चार हजार वेढ्यांचा. जास्त वेढ्यांनी पंखा मंद होतो, पण माझ्यासारखीचा आवाज त्यानेच भरतो, टोके झडतात, अंग धरतो. हे बाबांना माहीत नव्हते, दुकानदाराने सांगितले नव्हते, आणि मला तर कोणी विचारलेच नव्हते.

खोलीच्या टोकाला बाबांनी ताडकन मान वर केली.

"बंद करा!" ते ओरडले. "बंद करा! कोणाची तरी मोटर जळतेय!"

आणि त्यांनी धावत जाऊन मेन स्विच खाली खेचला. तो सामाईक होता. अख्ख्या रांगेची वीज गेली. पलीकडे शिंपीणकाकूंचा पंखाही थांबला, पण ते त्यांच्या गिऱ्हाइकांना बऱ्याच उशिराने समजले.

बाबा नाक वर करून हुंगत उभे होते. "जळका वास तर येत नाही. कुठली होती?"

"काका," धडाम म्हणाला, "ती बारकी होती."

"काय?"

धडामने बोटाने दाखवले. आधी मला, मग तिला. तिचा हात अजून माझ्या तारेवर होता.

बाबांनी स्विच वर केला. येऊन स्टुलावर बसले. "वाजव," ते म्हणाले.

बारकीने तिन्ही गाणी वाजवली. सभागृहात वाजवली होती तीच, त्याच क्रमाने. बाबांनी पुढे वाकून हाताचा पंजा माझ्या बुडावर टेकवला आणि शेवटपर्यंत तो काढला नाही. पहिल्या गाण्यात ते मोटर तपासावी तसे ऐकत होते, कपाळाला आठ्या घालून. दुसऱ्यात आठ्या गेल्या.

"त्या दिवशी हेच वाजवलं होतंस?"

"हो!"

"सगळं?"

"तिन्ही गाणी!"

बाबांनी कामाच्या फडक्याने हात पुसले. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. "मग वाईट वाटलं असेल तुला," ते म्हणाले.

बारकीने मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, ते तिलाही सांगता आले नसते.

"आवाज चांगला आहे," बाबा म्हणाले. "बेअरिंग गेल्यासारखा."

याहून मोठे कौतुक त्यांनी कधी कोणाचे केले नाही. बारकीचा गुडघा थांबला. मोजून चार सेकंद.

पुढच्या आठवड्यात बाबा आपणहून कानाच्या डॉक्टरकडे गेले. बारकीचे दोन्ही कान जरा तपासून घ्यावेत, असे कारण त्यांनी काढले होते. बारकीचे कान ठणठणीत निघाले. तोवर डॉक्टरने बाबांचेही तपासून टाकले. बाबांनी विचारले, रिवाइंड होईल का? डॉक्टर म्हणाले, होत नाही, आतले बारीक केस झडले आहेत, ते परत येत नसतात. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "त्याच्याकडे वाइंडिंगचं मशीन नाहीये."

कानात घालायचे यंत्र मिळाले. बाबा ते रविवारी घालतात. इतर दिवशी ते डबीत असते, कारण त्यातून गिऱ्हाइकांचे बोलणेही ऐकू येते. वाइंडिंगच्या मशीनवरून त्यांनी घंटी काढून टाकली आणि तिथे एक लाल दिवा बसवला. वेढे पुरे झाले की दिवा लागतो. घंटी भरवशाची नव्हती, असे ते कोणी विचारले तर सांगतात. कोणी विचारत नाही. मंद पंखे त्यांनी एकेक करून परत आणले, फुकट भरून दिले. शिंपीणकाकूंचा पंखा पहिल्या दिवशी असा फिरला की त्यांचे कापून ठेवलेले सगळे कागदी साचे खिडकीतून बाहेर गेले. त्या पुन्हा भांडायला आल्या. बाबांना फार बरे वाटले.

आणखी एक गोष्ट घडली. व्हार्निश न दिल्यामुळे माझ्या पिकअपमधली तार सैल राहिली होती. अशा सैल तारेला तोंड जवळ नेऊन कोणी बोलले तर बोलणेही थरथरवते. एकदा धडाम उशिरा आला. बारकी मला मांडीवर घेऊन वाकून तार जुळवत होती. ती तशीच, खाली मान घालून, म्हणाली, "गाढवा, तासभर वाट बघतेय." ते शब्द माझ्या पोटात शिरले आणि ॲम्पमधून जाड, केसाळ होऊन बाहेर पडले.

"गाढव म्हणू नये, मोठा आहे तो तुझ्यापेक्षा," खोलीच्या टोकाहून बाबा म्हणाले. मान वर न करता.

धडामने बारकीकडे पाहिले. मग बारकी पुन्हा माझ्यावर वाकली. यावेळी तिने ओरडून नाही, नेहमीसारखे, हळू म्हटले, "बाबा."

"काय गं?"

तिला सांगायचे काहीच नव्हते. "चहा घ्याल?" ती माझ्या पोटात म्हणाली.

"घेईन की. इतक्या खर्जात का विचारतेस?"

तेव्हापासून मी या दुकानात वाद्य कमी आणि निरोप्या जास्त आहे. चहा झाला, आईचा फोन आलाय, मी येते हो बाबा, हे सगळे माझ्यातून जाते. तिला ओरडावे लागत नाही. परवा तर ती भांडली माझ्यातून, मनापासून, आणि बाबाही रंगात येऊन भांडले. काकू ऐकायला आल्या होत्या.

पण मित्रांनो, मला स्वस्थता नाही. माझी मान वाकू लागली आहे. पोटातली तार केसाहून बारीक आहे आणि कशानेही आवळलेली नाही. ती एक दिवस तुटणार. बाबांचे डोळेही आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. तेव्हा तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्या मानेवर मोजे वाळवू नका. मोटरीजवळ काम करणारे कोणी असेल तर त्याला कान झाकायला सांगा, आणि तो "बघतो" म्हणाला तर एकदा त्याच्या पाठीमागे चमचा टाकून बघा. बाकीचे मी वरिष्ठांना कळवले आहे. अर्जाची प्रत खाली देत आहे.

प्रति, मा. प्रमुख अधिकारी, आवाज विभाग, सर्व जग.

विषय: बारीक आवाज खाली आणणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, जगातील सर्व घंट्या, शिट्ट्या, चमचे, किल्ल्या, पाखरे व मुली यांचे आवाज तत्काळ प्रभावाने दोन सप्तके खाली आणण्यात यावेत. दोन शक्य नसल्यास एक. सर्वांचे शक्य नसल्यास घंट्या, शिट्ट्या, चमचे, किल्ल्या व पाखरे यांना वगळण्यास अर्जदाराची हरकत नाही. मुलींपैकीही सर्व नकोत. एकीचाच आणावा. तिचे नाव, पत्ता व गुडघ्याचे वर्णन सोबत जोडले आहे. सदर काम अर्जदाराची तार तुटण्यापूर्वी होणे आवश्यक आहे.